खाड्याचा हिशेब

दिवाळी नुकतीच सरली होती आणि गावच्या घरी पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आढ्यापर्यंत कापूस. २०२३ चा नोव्हेंबर. भाव वाढेल या आशेवर धाकट्या भावाने विकायचं थांबवलेलं. कापसाच्या ढिगाला एक कोमट, तेलकट, धुळकट वास असतो, आणि लहानपणी त्यावर लोळलेल्या माणसाला तो वास आला की आपोआप मानेला खाज सुटते. मी ओट्यावर चहा घेत, मान खाजवत बसलो होतो, तेव्हा ती मुलगी आली. पंचविशीची असेल. पाठीला सॅक, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात टॅब. सरकारच्या घरगुती खर्चाच्या पाहणीसाठी गावातली अठरा घरं निवडली होती, त्यातलं एक भावाचं. वहिनी हात पुसत बाहेर आली आणि प्रश्न सुरू झाले. गेल्या सात दिवसांत तेल किती, अंडी किती, वांगी किती? वांग्याचा प्रश्न आमच्याकडे हिवाळ्यात विचारू नये. त्या आठवड्यात घरात दोनदा भरीत झालं होतं, एकदा भगुनंभर शेजारी गेलं होतं, आणि वांगी होती बांधावरची. "घरची वांगी शेतातल्या भावाने धरायची," मुलगी म्हणाली. वहिनीला हसू आलं. "शेतात तर फुकट म्हटलं तरी कोणी तोडून नेत नाही. काय भाव लावशील?" मुलीने काहीतरी आकडा टाकला आणि पुढे सरकली.

पुढचं घर आमच्या सालदाराचं होतं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं. या पाहणीत गावातली घरं जमिनीवरून गटांत पाडतात, त्यामुळे एकाच यादीत मालकही आला आणि सालदारही. त्या गल्लीच्या तोंडाशी कुत्री फार, म्हणून मी मुलीबरोबर गेलो. घरकुलातली खोली, निळा रंग, दारात मोटरसायकल, तिचे हप्ते अजून चालू. आत टीव्ही, पंखा, गॅस, चार्जिंगला लावलेले दोन मोबाइल. सालदार शेतात होता; धाकट्या पोराला ताप म्हणून त्याची बायको घरी राहिलेली. तिने उत्तरं भराभर दिली. तेल, मीठ, चहापत्ती, साखर, रेशनचे गहू-तांदूळ, सगळं तिला तोंडपाठ. विकत आणणाऱ्याला वजन पाठ असतंच. टॅब मिटून मुलगी म्हणाली, "ताई, पुढच्या महिन्यात मी पुन्हा येईन, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात अजून एकदा." तेव्हा पहिल्यांदा त्या बाईच्या कपाळाला आठी पडली. "दिवसा नका येऊ, ताई. रातले या. वेचणी लागनी शे, खाडा पडी जाई." मुलगी पुण्याकडची असावी, तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "रोज बुडेल म्हणतात त्या." मुलीने मान डोलावली. टॅब मात्र उघडला नाही. तो प्रश्न यादीत नव्हताच, लिहिणार कुठे?

किती कमावता, किती खाता, काय वापरता, हे तीन खेपांत विचारून होतं. एक दिवस कामावर गेला नाहीत तर काय होतं, हे कोणी विचारत नाही.

पुढे त्या पाहणीचे आकडे आले तेव्हा मी ते जरा जास्तच लक्ष देऊन वाचले, आपल्या ओट्यावरची वांगी त्यात आहेत या कौतुकाने. २०२३-२४ साली खेड्यात माणशी महिन्याचा खर्च ४,१२२ रुपये, शहरात ६,९९६. विषमता मोजणारा गिनी गुणांक खेड्यात आदल्या वर्षीच्या ०.२६६ वरून ०.२३७ वर उतरलेला, म्हणजे खर्चापुरती तरी खेड्यातली माणसं एकमेकांच्या जवळ आली. शून्य आलं तर सगळे सारखे. हा आकडा खोटा आहे असं मला वाटत नाही. ती दोन घरं मी पाठोपाठ पाहिली होती. मीठ दोन्हीकडे तेवढंच लागतं, चहा दोन्हीकडे तसाच उकळतो, मोबाइलचा रिचार्जही सारख्याच रकमेचा. तेलात फरक, दुधात बराच फरक, पण डोंगराएवढा नाही. दुसरीकडे वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अभ्यासकांनी २०२२-२३ चा हिशेब मांडला, त्यात देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे जातो. एक हिशेब खर्चाचा, दुसरा उत्पन्नाचा. सालदाराच्या बायकोने मुलीला बसायला पाट दिला होता; जळगावच्या ज्या कॉलनीत कमानीच्या फाटकावर वॉचमन बसतो तिथे टॅबवाल्या मुलीला इंटरकॉमवरूनच 'साहेब नाहीत' ऐकावं लागत असणार. श्रीमंतांचं नेमकं किती चांगलं चाललंय ते या पाहण्यांतून कळत नाही, याची तक्रार अर्थशास्त्रज्ञ स्वतःच करत आले आहेत.

सुधारणा झालेली नाही, असं म्हणणारा मी नाही. तो भरल्या पोटाच्या माणसाचा चाळा आहे. त्या सालदाराचा बाप माझ्या वडिलांकडे सालाने होता, त्याची झोपडी मला आठवते. पळाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, कूड, शेणाने लिंपलेला, पावसाळ्यात खालून खचणारा. पळाट्यांच्याच चुलीचा धूर. आता त्या जागी गॅस आहे, संडास आहे, थोरली पोरगी एसटीच्या पासवर अमळनेरला कॉलेजात जाते. ते सगळं खरं आहे, आणि ते मोजलं गेलं तेही बरंच झालं. तरी ती आठी डोक्यातून जाईना.

माझ्या आजोबांची, म्हणजे आबांची, एक वही आमच्या कपाटात आहे. लाल कापडी बांधणीची, उंदराने एक कोपरा खाल्लेली. खान्देशात सालदारकी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होते आणि पुढच्या आखाजीला संपते. त्या दिवशी मालक आणि सालदार ओट्यावर बसून वर्षाचा सौदा करतात. आबांच्या वहीत प्रत्येक सालदाराला एक पान. वर ठरलेलं साल: एवढे रुपये, एवढी पायली दादर ज्वारी, एक घोंगडी, जोड्यांचा एक जोड. खाली वर्षभराची उचल, तारखेवार. उजवीकडे खाडे. कामावर न आलेल्या दिवसाला एक गोल, आणि गोलापुढे कारण, शाई सांडत सांडत लिहिलेलं. 'बाजार, अर्धा.' 'कानबाई.' 'ताप.' 'सासरवाडी.' आखाजीला गोल मोजायचे आणि तेवढी रक्कम सालातून कापायची. एका पानावर दोन गोल लागोपाठ आहेत आणि त्यांच्यापुढे लिहिलंय, 'पोर वारली.' पहिल्या गोलावर आडवी रेघ मारून आबांनी बारीक अक्षरात 'माफ' लिहिलं आहे. दुसरा गोल तसाच आहे, तो हिशेबात धरलेला.

या पानावर मी किती वेळा थांबलो असेन. आबा दुष्ट नव्हते. भाऊबंदांत त्यांची ख्याती दयाळू म्हणूनच होती, आणि बहुतेक ओट्यांवर तो पहिला गोलही माफ झाला नसता. एक दिवस माफ करावा आणि एक धरावा, हे त्यांनी कसं ठरवलं असेल? पेरणी चालू होती का? पानावर महिना ज्येष्ठ आहे, म्हणजे असेलही. त्या माणसाला वर्षाला किती दादर मिळाली, किती रुपये मिळाले, हे मला नेमकं सांगता येतं. त्याच्या घरात माणशी किती धान्य येत होतं याचा भागाकारही मी एका दुपारी मांडून पाहिला. उत्तर आजच्या मानाने फारच थोडं आलं. पण त्याच्या जगण्याचा दर्जा मला त्या उत्तरातून कळला नाही, तो त्या दुसऱ्या गोलातून कळला.

आपल्याकडे माणसाचं जगणं मोजायची सुरुवात दादाभाई नौरोजींनी केली. १८७० च्या दशकात त्यांनी हिंदी माणसाचं वर्षाचं उत्पन्न सरासरी वीस रुपये काढलं, आणि मग शेजारी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च ठेवला. कैद्याचा जास्त भरला. असला हिशेब मांडायला हिंमत लागते, आणि थोडा खवचटपणाही. शंभर वर्षांनी, १९७१ मध्ये, दांडेकर आणि रथ या अर्थशास्त्रज्ञांनी पुण्यात बसून माणशी रोज २,२५० उष्मांकांची दारिद्र्यरेषा ओढली. मग तेंडुलकर समितीची पद्धत आली. २०११-१२ साठी खेड्यात महिन्याला ८१६ रुपये, म्हणजे दिवसाला सत्तावीस, आणि त्यावर देशभर गदारोळ. मी तेव्हा बँकेत होतो. सत्तावीस रुपयांत काय येतं यावर आम्ही जेवणाच्या सुट्टीत, डबे संपवून, तावातावाने बोललो होतो.

त्याच्या आधी, २००२ साली, दारिद्र्यरेषेखालची कुटुंबं ठरवायला तेरा प्रश्नांची पाहणी झाली. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न; कमी गुण तो गरीब. मारुतीच्या पारावर शिक्षक आणि ग्रामसेवक तक्ता घेऊन बसले होते आणि मी त्या दिवशी गावात होतो. जमीन किती, घर कसं, अंगावरचे कपडे माणशी दोनपेक्षा कमी की चार की दहा? टीव्ही, पंखा, कुकर, रेडिओ यांतलं काय काय आहे? कर्ज कोणाचं, सावकाराचं की बँकेचं? आदल्या रात्री गावातले काही कुकर दुसऱ्यांच्या घरी मुक्कामाला गेले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मजा झाली ती आमच्या थोरल्या सालदाराच्या वेळी, या आताच्याच्या बापाच्या. जेवणाचा प्रश्न आला. वर्षातला बराच काळ एक वेळचंही पोटभर मिळत नाही, असं म्हटलं तर शून्य गुण, आणि शून्य म्हणजे फायदा. शिक्षकाने दोनदा सुचवून पाहिलं. म्हातारा उसळला. "आम्ही काय भिकारी शेतस का? दोन टाइम खातस." चारचौघांत गरिबी कबूल करायची तर तिचीही लाज असते, कुकर लपवता येतो, पण पोट खपाटीला गेलंय असं पारावर बसून कोण सांगेल? त्याला गुण जास्त पडले. पिवळं कार्ड हुकलं आणि केशरीवर भागवावं लागलं. घरी आल्यावर बायकोने त्याला काय काय ऐकवलं ते अख्ख्या गल्लीने ऐकलं.

त्या तेरा प्रश्नांतही खाड्याचा प्रश्न नव्हता. कर्जाचा होता, स्थलांतराचा होता, म्हणजे वळसे घालून ते जवळपास आले होते.

राष्ट्रीय उत्पन्न मोजायची रीत ज्याने बसवली त्या सायमन कुझनेट्सने १९३४ साली अमेरिकेच्या सिनेटसाठी केलेल्या अहवालात लिहून ठेवलंय की या आकड्यावरून देशाचं बरं चाललंय की वाईट हे ठरवायला जाऊ नका. हे वाक्य बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याच्याच आधीचं वाक्य मला जास्त भावतं. तो म्हणतो, उत्पन्नाला एक उलटी बाजू आहे, ते मिळवताना पडणारे कष्ट किती तीव्र आणि किती नकोसे आहेत ही. आणि कोणतंच मोजमाप तिच्या वाटेला जात नाही. मोजणाऱ्यानेच पहिल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. नंतर नव्वद वर्षं आपण वाढीचा दर दशांश चिन्हानंतर दोन घरं नेऊन भांडतो आहोत.

सरासरीची गंमत अमळनेरच्या माणसाला सांगायची गरज नाही. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, शेंगदाण्याच्या जोरावर. तीच कंपनी पुढे विप्रो झाली. तेव्हा गावातल्या लोकांनी शंभर-शंभर रुपयांचे शेअर घेतले होते. काहींनी विकले, काहींनी ट्रंकेत ठेवले आणि विसरले. बोनसवर बोनस मिळत गेले आणि ट्रंकेवाले कोट्यधीश झाले. त्यांतले कितीतरी जण आजही साध्या घरात राहतात, संध्याकाळी पिशवी घेऊन भाजीला जातात आणि मेथीच्या जुडीवर दोन रुपये कमी करून घेतात. ओळखीचे एक काका होते, त्यांच्याकडे लाभांशाची पत्रं यायची. वाचायचा चष्मा सापडेपर्यंत ती तशीच पडून राहायची. (आमच्या आबांनी त्या काळात बैलजोडी घेतली. जोडी फार देखणी होती, म्हणे.) अशा माणसाचा खर्च मोजलात तर तो माझ्यासारखाच निघेल, कदाचित माझ्याहून कमी. तो आजारी पडला, काशीला गेला, महिनाभर झोपून राहिला, तरी त्याच्या उत्पन्नाला त्याचा पत्ता लागत नाही. त्याचा खाडा कोणत्याच वहीत पडत नाही. मला विचाराल तर श्रीमंतीची खूण गाडी-बंगल्यापेक्षा इथे सापडते.

मधली पायरी माझी. बँकेत वर्षाला बारा किरकोळ रजा मिळायच्या. शिवाय हक्काच्या, शिवाय आजारपणाच्या. डिसेंबर अर्धा सरला की शाखेत कुजबुज सुरू व्हायची, कोणाच्या किती उरल्यात? वाया जातील म्हणून लोक रजा टाकून घरी बसायचे, आणि करायला काही नाही म्हणून बायकोची बोलणी खायचे. मी एकदा अशी रजा टाकून शेतावर गेलो होतो, हुरड्यासाठी. सालदार, तोच म्हातारा, कणसं भाजत होता. "साहेब, आज सुट्टी?" त्याने विचारलं. सुट्टी नाही, रजा शिल्लक होती, असं मी सांगितलं. तो खूप वेळ निखारे सारखे करत राहिला. पगारी घरी बसायचे दिवस शिल्लक राहू शकतात, हे त्याच्या गळी उतरवायला मला अवघड गेलं, आणि उतरल्यावर जास्त अवघड वाटलं.

नंदुरबारला बदली झाली तेव्हा मिरचीशी गाठ पडली. गावाबाहेर पथाऱ्या पसरलेल्या, नजर जाईल तिथवर लाल. पहिल्या आठवड्यात मी खोकून खोकून अर्धा झालो. बायका तोंडाला ओढणीचे तीन पदर बांधून देठं खुडत बसायच्या, किलोमागे पैसे. खाती उघडायला आम्ही तिथेच टेबल लावलं होतं, जनधनचा तो काळ. एका बाईला अंगठा घ्यायला हात पुढे करायला सांगितला. तिने आधी तळवे एकमेकांवर घासले, मग पदराला पुसले, मग म्हणाली, शाईच्या डब्याला बोट लावते, पण नंतर त्या डब्याला लागलेलं तुमचं बोट डोळ्याला लावू नका हं, साहेब. तान्हं पोर पाळण्यात होतं, बाभळीच्या फांदीला टांगलेलं. घरी गेल्यावर त्याला घ्यायच्या आधी हात आधी तेलाने आणि मग मातीने चोळायचे, तरी एखाद्या रात्री पोर रडून उठतं, असं तिने सांगितलं. तक्रारीचा सूर नव्हता. मी तिच्या नावाचं पासबुक काढलं. नीती आयोगाने गरिबीचा जो बहुआयामी निर्देशांक केला आहे त्याच्या बारा निकषांत बँक खातं हा एक निकष आहे. म्हणजे त्या दुपारी एका निकषापुरती मी तिची गरिबी दूर केली. २०१५-१६ च्या पाहणीवरून काढलेल्या त्या निर्देशांकात महाराष्ट्रात १४.८५ टक्के लोक गरीब होते, आणि नंदुरबार जिल्ह्यात निम्म्याहून जास्त. देशातलं पहिलं आधार कार्ड याच जिल्ह्यात टेंभलीला दिलं गेलं होतं, २०१० च्या सप्टेंबरात. मोजायच्या कामात आमचा खान्देश कधी मागे राहिला नाही.

पण त्याच जिल्ह्याने मला उलटंही दाखवलं. धडगाव-अक्कलकुव्याकडची माणसं दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात. जोडप्याचा मिळून एक कोयता. उचल फिटेपर्यंत दिवस मोडायचा नाही. पण होळी आली की मुकादम काही का म्हणेना, ट्रक भरभरून माणसं सातपुड्यात परत येतात. काठी गावची राजवाडी होळी, रात्रभर ढोल, मोरपिसांचे टोप, कंबरेला दुधी भोपळ्यांच्या माळा. बँकेतला आमचा एक अधिकारी म्हणायचा, "म्हणूनच हे लोक वर येत नाहीत." मी तेव्हा काही बोललो नाही. पुढे २०१९ मध्ये बीडकडच्या बातम्या आल्या: ऊस तोडणाऱ्या कितीतरी बायकांनी तरुण वयात गर्भपिशव्या काढून टाकलेल्या. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, खाड्याला दंड बसतो, मग तेवढी कटकटच नको. सरकारने चौकशी समिती नेमली. ते वाचताना मला काठीचे ढोल आठवले. निर्देशांकात तळाला असलेली माणसं वर्षातून एकदा का होईना, बिनदिक्कत खाडा करतात; माझ्या भावाला, चौदा एकरांच्या बागायतदाराला, ते जमत नाही.

कारण भावाचंही तेच आहे, फक्त त्याच्या वहीत गोल मारणारं कोणी नाही. शेतीपंपाची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. म्हशी पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला. मुंबईला मुलाच्या ॲडमिशनला गेला होता तेव्हाही दर दोन तासांनी फोन, मोटर चालू झाली का, धार काढली का? एका सालदाराच्या जिवावर त्याला अधूनमधून असा एखादा दिवस मिळतो. कापसाचं म्हणाल तर आढ्यापर्यंतचा तो ढीग शेवटी भाव न वाढताच गेला.

२०२४ च्या आखाजीला मी गावातच होतो. पुरणपोळ्या आणि आमरस, पितरांची घागर, वडाच्या झाडाला पोरींचे झोके आणि त्यांची गाणी. बाहेर ऊन असं की ओटा अनवाणी पायाला सोसेना. दुपारी तीनला सालदार आला. ओट्याच्या कडेला, सावलीच्या रेषेवर बसला. गेलं साल लाखाच्या वर गेलं होतं. भावाने पाणी दिलं आणि आपणहून म्हणाला, "पाच हजार वाढवतो." हल्ली सालदार मिळत नाहीत, गावात अर्ध्या शेतांना माणूस नाही, हे दोघांनाही माहीत होतं. सालदार घोटभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "जिभाऊ, पाच हजार नका वाढवू. हजार-दोन हजार कमी द्या, चाली. पन महिनामा दोन खाडा धरू नका."

भाऊ गप्प झाला. मला वाटलं, हा तर भावाचा फायदा आहे. पण नव्हता. पाच हजार रुपये एकदा दिले की दिले. महिन्याचे ते दोन दिवस कोणते, हे तो माणूस ठरवणार होता. "ढोरांना रविवार कळतो का?" भाऊ म्हणाला. "सात हजार देतो." मग आठ. मग वहिनी आतून म्हणाली, एक खाडा माफ करा की. भाऊ म्हणाला, एक माफ, पण पेरणीत नाही, वेचणीत नाही, आणि दोन दिवस आधी सांगून. सालदार हसला. पोराला ताप दोन दिवस आधी सांगून येत नाही, एवढंच तो बोलला. मी मध्ये पडलो नाही. पेन्शनवाल्याने त्या सौद्यात काय तोंड घालायचं? तासाभराने तो उठला. पुरणपोळी खाऊन जा म्हटलं तर खाल्लीही.

जूनमध्ये तो जळगावला एमआयडीसीत गेला, चटईच्या कारखान्यात, ठेकेदाराकडे. बारा तासांची पाळी, प्लॅस्टिकचा वास, एका खोलीत चौघे. रविवारचे पैसे मिळत नाहीत, पण रविवारी कोणी बोलवायलाही येत नाही. भाडं, खानावळ आणि एसटी वजा जाता हाती साल पडायचं त्यापेक्षा कमी पडतं, असं त्याच्या बायकोने वहिनीला सांगितलं. टॅबवाली मुलगी आता पुन्हा आली तर तेल कमी, दूध बंद, कुटुंबाचा खर्च घसरलेला, अशीच नोंद होईल, आणि ती बरोबरही असेल. दर रविवारी तो गावी येतो. पोराला मोटरसायकलवर पुढे बसवून बोरी नदीच्या पुलापर्यंत नेतो आणि आणतो. भावाच्या ओट्यासमोरून जाताना रामराम घालतो.

भावाला अजून सालदार मिळालेला नाही. मार्गशीर्षात त्याच्या मेव्हण्याचं लग्न होतं, नाशिकला. वहिनी एकटीच गेली.